कबरीचं कुंपण

बेट कुरतडत ब्रह्मपुत्रा दाराशी आली, तशी साहेराने सातव्यांदा झोपडी उतरवली. पत्र्यांवर कोळशाने आकडे टाकले, पातेल्यात पातेलं बसवलं, उरलेल्या पोकळीत तांदूळ ओतले. पुढाऱ्यांची होडी मतं मागायलाच येते, म्हणून सगळं आपल्याच होडीत रचलं. वळून बघते तर सासू नातीच्या कबरीचं कुंपण उपटतेय. “अम्मा, हात लावू नका! माझी लेक निजलीय तिथं.” “संध्याकाळपर्यंत नदी नेईल तिला. बांबूही नदीलाच द्यायचे? नव्या झोपडीला दोन कमी पडतायत.” “तुम्हाला काळीज आहे की दगड?” म्हातारीने हाताची माती झटकली. “पोरीचा पाळणा ज्या वाशाला टांगलास ना, तो माझ्या थोरल्याच्या कबरीच्या कुंपणाचा. त्यालाही नदीनंच नेलं.” साहेराने गुडघे टेकून दुसरा बांबू ओढला. तो हलेना. खालून कुणीतरी तो घट्ट धरून ठेवला होता.