आजीकडचा माणूस

"नऊच भरतात," प्रार्थनाघरात जमलेली माणसं पुन्हा एकदा मोजून धर्मगुरू म्हणाले. "दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही."

म्हातारा घड्याळजी उसळला. त्याच्या बायकोला जाऊन आज वर्ष झालं होतं. आजच्या दिवशी तिची प्रार्थना अडलेली त्याला सहन होणार नव्हती. "नऊ कसे? हा माझा नातू दिसत नाही का?" त्याने मुलाच्या मुलाला पुढे ढकललं. नातू नवा कोट घालून, सगळी प्रार्थना तोंडपाठ करून आला होता.

"याची आई ज्यू नाही," धर्मगुरू चाचरत म्हणाले. "आई ज्यू, तर मूल ज्यू. तुम्हीच तर आम्हाला हे ऐकवत आलात."

घड्याळजीने ऐकवलं होतं खरं. फक्त स्वतःच्या घरात त्याने नियम उलटा टांगला होता. मुलाने परधर्माची बायको केली, तेव्हा चार दिवस गाल फुगवून त्याने सुनेला घरात घेतलं; आडनाव तर पुढे चालणार होतं! मुलीने परधर्माचा मेकॅनिक पसंत केला, तेव्हा मात्र तिला दार बंद.

"वंश माझ्या पोरीकडूनच चालायचाय, बघाल तुम्ही," बायको तेव्हा म्हणाली होती. त्याने तिला नेहमीसारखं गप्प केलं होतं. घरातला एकही वाद तो कधी हरला नव्हता.

बाहेर कुणीतरी सारखा हॉर्न बडवत होतं.

"कोण आहे तो गाढव?" घड्याळजी खेकसला.

मागे बायकांच्या बाकावर त्याची मुलगी बसली होती. आईसाठी आली होती. ती हळूच म्हणाली, "माझा मुलगा. मला न्यायला आलाय."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच उठून बाहेर गेला. टेम्पोत एक धिप्पाड, ग्रीसने माखलेला तरुण बसला होता. घड्याळजी त्याला पहिल्यांदाच बघत होता. नाक थेट आजीचं होतं.

"आत चल, बाळा."

"आजोबा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"नको कळू दे. तू माझ्या बायकोच्या मुलीचा मुलगा. तेवढं पुरे."

दहा भरले. कोटवाला नातू ग्रीसवाल्याशेजारी उभा राहून त्याला पुस्तकातली ओळ दाखवू लागला. घड्याळजीने प्रार्थना सुरू केली. मध्येच त्याला हसू फुटलं.

"जिंकलीस गं बाई," तो पुटपुटला.

आणि बाकीच्या नऊ जणांनी, रीतीप्रमाणे, एका सुरात म्हटलं, "आमेन!"