दुरुस्तीला लागलेला वेळ

"काय दिसतंय स्क्रीनवर? जसं आहे तसं वाचा," तात्या म्हणाले.

"काळं आहे सगळं," फोनवरची बाई म्हणाली. "वर कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ आहे. थांबा, चष्मा घेते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नो... बूटेबल... डिव्हाइस. म्हणजे गेला का हो कॉम्प्युटर?"

"गेला बिला नाही. काय केलं होतं त्याला?"

"भाचा आला होता. म्हणाला, मावशी, हा फार रडतोय, जुनं सगळं काढून लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून देतो. टाकलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाला. तेव्हापासून हे असं. तुमचा नंबर त्यानेच काढून दिलाय, अडलं तर लाव म्हणून."

तात्यांना रोग केव्हाच कळला होता. लिनक्स आत ठाकठीक बसलेलं असणार. मशीन मात्र चालू होताना त्याला सोडून भलतीकडेच शोधत होतं. सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ वर सरकवली की काम फत्ते. तात्यांच्या डाव्या हातचा मळ. लिनक्स बसवून अडकलेल्यांसाठी त्यांनी आपला नंबर इंटरनेटवर देऊन ठेवला होता, अगदी फुकट. लोक घाबरून फोन करत, मशीन सुरू झालं की "थँक्यू" म्हणून ठेवून देत, आणि त्यातला "यू" तात्यांपर्यंत क्वचितच पोचे. तात्यांचा हात चांगला होता, हीच खरी पंचाईत होती. दुरुस्ती जितकी लवकर, तितकं घर लवकर पुन्हा गप्प. आज सकाळपासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. खरं सांगायचं तर कालपासूनच.

"बंद करून पुन्हा चालू करा," ते म्हणाले, "आणि चालू होताना एफ-टू दाबत राहा. निळं पान येईल."

"आलं."

"आता वाचा."

"काय वाचू?"

"सगळंच."

तिने वाचायला घेतलं. तारीख, वेळ, मेमरी, पंख्याचा वेग. दुरुस्तीशी याचा काडीचाही संबंध नव्हता. पण ती वर्गात उभं केल्यासारखी, अडखळत, मन लावून वाचत होती. एखादा शब्द चुकला की स्वतःच हसायची आणि ओळ पुन्हा घ्यायची. तात्या डोळे मिटून "हं, पुढे" म्हणत राहिले. तिच्या आवाजामागे टीव्ही नव्हता, भांड्यांचा आवाज नव्हता, कुणी तिला हाक मारत नव्हतं.

पान संपलं. "दुसरं पण वाचू का?" तिने विचारलं.

आता मात्र तात्यांना स्वतःची लाज वाटली. एका परक्या बाईला आपण उगाच ताटकळत ठेवलंय. तिला तिची कामं असतील, माणसं असतील. आपल्याला आवाज हवा म्हणून तिची दुपार का खायची?

"नको," ते म्हणाले. "ताई, वर बूट असं लिहिलेलं दिसेल, तिथे जा. लिनक्सची ओळ उचलून सगळ्यात वर न्या. मग एफ-टेन दाबा. मशीन आपोआप बंद होऊन चालू होईल."

"नेली. दाबलं."

"झालं मग काम."

"झालं?" तिने विचारलं. "एवढंच होतं?"

"एवढंच."

पलीकडे मशीनचा पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग एक छोटीशी धून वाजली, फोनमधून अगदी स्पष्ट. लिनक्स नीट सुरू होऊन स्क्रीन उजळल्याशिवाय ती धून वाजत नाही. तात्यांनी ती झोपेतही ओळखली असती. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. लाइन तुटल्याचा आवाज त्यांना ऐकवत नसे.

लाइन तुटली नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "अजून काळंच दिसतंय."

तात्यांनी फोन पुन्हा कानाशी नेला. इतका वेळ ते उभेच होते. आता खुर्ची ओढून नीट बसले.

"असं होतं कधीकधी," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून बघू या आपण. तुम्हाला घाई नाही ना?"

"छे हो," ती म्हणाली. "मला कसली घाई?"