कोनाड्यातला डबा

पुन्हा उलटा पंख! गोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

डब्यातली माशी तिनं दोन बोटांत धरून उजेडाला नेली. माशी कसली, न्हाव्यापुढचा केर! धागा सुटलेला, पीस पिंजारलेलं, पंख पोटाखाली. ही पाण्यावर टाकली तर मासा हसून हसून मरेल, पण गळाला काही लागायचा नाही.

"कशी झाली?" ओसरीवरून निवृत्तीनं विचारलं.

"लय मस्त," ती दातओठ खात म्हणाली.

निवृत्ती तिचा नवरा. फौजेत असताना काश्मिरात एका साहेबाचा अर्दली होता. तिथल्या थंडगार ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. मोठा नखरेल. गांडूळ नको, कणीक नको, त्याला पाण्यावरची माशीच लागते. म्हणून साहेबलोक गळालाच पिसं बांधून ज्वारीच्या दाण्याएवढी खोटी माशी करतात. निवृत्ती ते शिकला आणि पेन्शनवर घरी आला. साहेब विलायतेला गेला, इकडे मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला, तरी श्रीनगरचा एक दुकानदार अजून त्याच्याकडूनच माश्या मागवायचा. चिखलीच्या पोस्टातून डबा जायचा. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एक ट्राउट नाही, पण गोजरबाईच्या एकाही कोंबड्याच्या मानेवर पीस म्हणून शिल्लक नव्हतं.

बांधेना का बापडा! पण धड बांधावं की नाही?

धड बांधायचा, वच्छला होती तोवर. एकुलती एक लेक, विषमज्वरानं हा हा म्हणता गेली. गोजरबाईनं अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडायची. वेणी नाही, फणी नाही, ताटातला घास ताटात. निवृत्ती रडला नाही की बोलला नाही, मुकाट माश्या बांधत राहिला. मग एक दिवस त्याचा डबा नेहमीच्या फळीवर न दिसता तिच्या तोंडापुढच्या कोनाड्यात दिसला, झाकण उघडं टाकलेलं. नाकासमोरच होता म्हणून तिनं पाहिलं. आत सगळा सत्यानाश! इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेलं काम ते, तिचं डोकंच फिरलं. आतल्या आत रडून डोळे गेले या माणसाचे, तिनं ताडलं. त्यात फळी सोडून डबा कोनाड्यात ठेवतो म्हणजे बघायलाच नको. ती तिरीमिरीत उठली, केस बांधले आणि माश्या सोडून पुन्हा बांधायला बसली.

तेव्हापासून हाच उद्योग. तो गावात चक्कर मारायला गेला की ही डबा घेऊन बसायची. आणि वर त्याचा तोरा!

"पाह्य," डबा बांधताना तो म्हणायचा, "हात अजून कसा चालते माहा!"

गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"सांगून टाक ना एकदाचं," शेजारची झुंबरबाई म्हणाली.

"काय सांगू? लेक गेली, डोळे गेले, आता हातही गेला म्हणू? जीव देईन तो माणूस."

डॉक्टरचं नाव काढलं तर त्याचा पारा चढायचा. "काऊन? मले काय धाड भरली?" असं म्हणून त्यानं परवा चहात बोट घातलं आणि बुडालेली मुंगी अल्लद काढून टाकली. मुंगी बरी दिसते या माणसाले, ती मनात म्हणाली, अन् एवढा मोठा पंख दिसत नाही!

आता त्यात बीबी गावी तिच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं. परतेपर्यंत श्रीनगरचा डबा पाठवायची वेळ यायची. असल्या माश्या तिकडे गेल्या की संपलंच. दुकानदार तोंडावर फेकणार आणि निवृत्तीला सगळं कळणार.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"जाय ना. बहिणीच्या घरचं कार्य आहे. मी काय लहान आहो?"

लहान असता तर दोन धपाटे तरी घातले असते! शेवटी तिनं बिघडलेल्या माश्या गुपचूप पदराच्या गाठीत बांधल्या. बीबीला मागच्या दारी बसून नीट करू, निवृत्तीला म्हणू तुमच्या माश्या मी येताना चिखलीहून पोस्टात टाकल्या. झालं.

"पाह्य, एस.टी. आली वळणावर," त्यानं अंगणातूनच दाखवलं. लांबचं सगळं दिसतं, रडगाणं आहे ते जवळचंच, ती पुटपुटली आणि फाट्याकडे पळत सुटली.

बस आली. एक पाय पायरीवर ठेवला आणि तिच्या लक्षात आलं. रेशीम राहिलं! धाग्याशिवाय माश्या काय थुंकीनं चिकटवायच्या? कंडक्टर ओरडला, बस गेली. गोजरबाई स्वतःला, निवृत्तीला आणि काश्मिरातल्या यच्चयावत माशांना शिव्या घालत उलटी फिरली.

त्याला कळू नये म्हणून ती मागच्या दारानं आली आणि थबकली.

ओसरीवर लख्ख ऊन असताना निवृत्ती आत, माजघराच्या अंधारात बसला होता. त्यानं रेशीम ओठांत ओलं केलं. पीस धरलं, गळाभोवती झरझर फिरवलं, गाठ मारली. पंख जागच्या जागी उभे राहिले. अशी माशी की गोजरबाईला जन्मात जमली नव्हती. त्यानं ती हातभर लांब धरून पाहिली.

मग नखानं गाठ सोडली. पीस पिंजारलं. पंख धरून पोटाखाली वाकवला, अजून थोडा वाकवला, आणि माशी तिच्या कोनाड्यातल्या डब्यात टाकून झाकण उघडंच ठेवलं.

"हां," तो स्वतःशीच म्हणाला, "आता बराबर चिडन ती."