परतीची वाट

बूट एक नंबर मोठे होते. नर्सबाईने ते लेकीच्या पायात घातले, अंगठ्यापाशी दाबून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"आठ दिवसांसाठी इतके मोठे कशाला?"

"वाढता पाय आहे," तो म्हणाला. "शिवाय आत दोन-दोन मोजे घालायचेत."

त्याच्याशी थंडीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वीस वर्षं तो शीतगृहात यंत्रं सांभाळत होता. बाहेर डांबर वितळत असताना हा माणूस कानटोपी घालून कामाला निघायचा, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत. तरी आभाळातून पडणारा बर्फ त्यानेही कधी पाहिला नव्हता. घरात कुणीच पाहिला नव्हता.

नर्सबाईची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर, पहाडातल्या एका गावात राहायची. दर हिवाळ्यात या म्हणायची आणि दर हिवाळ्यात काहीतरी आडवं यायचं. सासूबाई सहा वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून जायचं कसं? यंदा मात्र नर्सबाईने विषय काढताच थंडोबा हो म्हणाला. आठ दिवस आईकडे बघायला आपल्या बहिणीला बोलावून घेतलं, रजा टाकली, तिकिटंही स्वतः जाऊन काढली. इतक्या सहज तो कधी कशाला तयार झाला नव्हता.

सुट्टीच्या दुपारी त्याने दोघींना शीतगृहात नेलं. जाड दार मागे लागलं आणि लेकीच्या, चिमणीच्या, तोंडातून वाफ निघाली. चिमणी बारा वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. बापलेकीचं सगळं बोलणं हातांनी चालायचं, आणि नर्सबाई ते डोळ्यांनी ऐकायची.

निसरड्यावर कसं चालायचं, हे त्याने आधी दाखवलं. पावलं आखूड टाकायची, गुडघे सैल ठेवायचे, बदकासारखं डुलत जायचं. एवढा थोराड माणूस फळांच्या पेट्यांमधून डुलत निघालेला पाहून चिमणी पोट धरून हसली. मग त्याने तिला ओल्या हाताने लोखंड धरायचं नाही हे बजावलं. भिजलेल्या बुटात रद्दी कोंबून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत कोरडे होतात. कडाका वाढला की नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, नाहीतर नळी फुटते. दारातला बर्फ पडला त्याच दिवशी ओढायचा, एकदा घट्ट बसला की खोऱ्याला दाद देत नाही.

"अहो, पाहुणी म्हणून चालली आहे ती," नर्सबाई म्हणाली. "माझी बहीण तिला अंगण झाडायला लावणार आहे का?"

"माहीत असलेलं वाया जात नाही," तो म्हणाला. प्रत्येक गोष्ट त्याने लेकीकडून हातांनी पुन्हा वदवून घेतली. शेवटी तिची बोटं गारठली, तेव्हा ती आपल्या दोन्ही तळव्यांत धरून तो बराच वेळ चोळत उभा राहिला.

नर्सबाईने मान फिरवली. तिला ते बघवत नव्हतं. कारण ती आणि चिमणी परत येणार नव्हत्या.

इथली मूकबधिर मुलांची शाळा सातवीला संपत होती. पहाडातल्या गावी थेट बारावीपर्यंतची शाळा होती आणि तिथल्या दवाखान्यात नर्सबाईला जागाही मिळाली होती. दोन वर्षांपूर्वी तिने हे एकदा बोलून पाहिलं होतं. थंडोबाने हातातला घास ताटात ठेवला होता. "आईला टाकून मला येता येणार नाही, आणि पोरीला नजरेआड करून जगता येणार नाही. आता तूच सांग." आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. तो विषय तिथेच मिटला, आणि नर्सबाईच्या मनात मात्र तिथूनच सुरू झाला.

तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. परतीच्या सकाळी पोरीला कणकण आहे म्हणायचं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही चार दिवसांनी येतो म्हणायचं. मग पत्र टाकायचं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती आणि त्याची तिला लाज वाटत होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात ती शाळेत जाऊन चिमणीचा दाखला घेऊन आली. त्यासाठी वडिलांची सही लागते असं ती ऐकून होती. रस्ताभर तिने मनात सबबी जुळवल्या होत्या. पण कारकुनाने काही न विचारता बंद पाकीट तिच्या हातात ठेवलं. आपलं नशीब, ती मनाशी म्हणाली, आणि पाकीट साड्यांच्या घडीत सरकवलं.

निघताना थंडोबाने चिमणीला आजीच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं. सासूबाईंनी चालता हात उचलून नातीच्या केसांवरून फिरवला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही. नर्सबाई दारात चपला शोधत राहिली.

स्टेशनवर सकाळची गर्दी होती. चिमणी नवे बूट घालून फलाटावर आखूड पावलांनी डुलत होती. गाडीला अवकाश होता. थंडोबा बाटल्या भरायला नळाकडे निघाला आणि जाताजाता त्याने खिशातलं तिकिटांचं पाकीट बायकोच्या हातात दिलं.

"डबा कुठे लागतो ते बघून ठेव," एवढंच म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

तिने जाण्याचं तिकीट उलगडलं. प्रवासी तीन. मागे परतीचं तिकीट होतं. ज्या कागदाशी आपला काही संबंध उरणार नाही, तो बघू नये असं वाटत असतानाही तिने तो उघडला.

प्रवासी एक. पुरुष, वय चव्वेचाळीस.