सुटकेचा अर्ज

शेपूट आजही आधीच येऊन बसलं होतं. कँटीनच्या मधल्या टेबलावर, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून, आणि दारातूनच दिसेल असा हात वर करून.

"ताई, इकडे!"

अख्ख्या कँटीनने वळून पाहिलं. ताईच्या कपाळावर आठी चढली. 'ताई' हे नाव या पोरीनेच तिला चिकटवलेलं, आणि 'शेपूट' हे ताईने तिला मनातल्या मनात दिलेलं. दोन वर्षं ताई कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून, पुढ्यात पुस्तक उघडून जेवत आली होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आता शेवटच्या वर्षाला हे लचांड गळ्यात!

लचांड विद्यापीठानेच पाठवलं होतं, तेही छापील पत्र देऊन. 'सोबत योजनेत तुमची निवड झाली आहे. सोमवारी एक वाजता कँटीनमध्ये आपल्या जोडीदाराला भेटावे.' गेल्या वर्षी अकरा मुलं 'इथे आपलं कोणी नाही' म्हणत शिक्षण अर्धवट टाकून निघून गेली, तेव्हापासून विद्यार्थी कल्याण कार्यालयाला जाग आली होती. कोणी कोणाला सांभाळायचं ते पत्रात नव्हतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम होते, पण ते कोण वाचतंय! आणि गरज तरी काय होती? ताई शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिली. समोर आलेली पोरगी पहिल्या वर्षाची, कुठल्या कुठून आलेली, डाव्या पायात कॅलिपर, बोलताना दर दुसरा शब्द शोधणारी. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आपलं कर्तव्य म्हणून ताईने पहिल्याच आठवड्यात तिला सगळं दाखवलं. लायब्ररी दाखवली, फॉर्म कुठे मिळतात ते दाखवलं, कोणत्या क्लार्कशी गोड बोलायचं तेही सांगितलं. झालं की! पण छे, बया सुटायचं नावच घेईना.

"ताई, टेबल टेनिसला चला ना. मला एकटीला... काय म्हणतात ते... लाज वाटते."

"ताई, गाण्याच्या ग्रुपला एक आवाज कमी पडतोय."

"ताई, सुट्टीत घरी का नाही गेलात?"

हिला कशाला हव्यात नसत्या चौकश्या! ताई चडफडत जायची. तिथे गेल्यावर जिला लाज वाटत होती ती बाकावर बसून टाळ्या पिटायची आणि बॅट मात्र ताईच्या हातात. वर हिला ओळखणारे जागोजागी. कँटीनवाले काका हिची विचारपूस करायचे, वॉचमन हिच्याशी गप्पा मारायचा. सगळ्यांना बिचारीची कीव येत असणार, असं ताईला वाटे.

आज टेबलावर आणखी दोघी होत्या, ताईच्याच वर्गातल्या. एरवी त्यांना ताई आठवायची ती नोट्स हव्या असल्या की.

"या दोघी म्हणाल्या जागा नाही," शेपूट म्हणालं, "म्हणून बोलावलं. चालेल ना?"

जागा नाही? निम्मं कँटीन रिकामं पडलं होतं. पण आता बसलेल्यांना उठवणार कसं? त्यातली एक सरांच्या खाकरण्याची नक्कल करू लागली आणि ताईला खुदकन हसू फुटलं. मग स्वतःचाच राग आला. वीस मिनिटांचं जेवण तासावर गेलं. प्रोजेक्ट बारा दिवसांवर आला होता. पुरे झालं! तिथून ती तडक कल्याण कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. सुटकेचा अर्ज तीन दिवस बॅगेत पडून होता. देववत मात्र नव्हता. आपण हात सोडला आणि उद्या त्या अकरा जणांमागे हीच बारावी होऊन निघून गेली तर? ते पाप कोणाच्या माथी?

कार्यालयातल्या बाईंनी अर्ज घेतला.

"तीन महिने केलं, बाई. आता माझ्याच्याने होत नाही," ताई म्हणाली. "पण तिला असं एकदम तोडू नका हं. एकटी पडेल हो ती. तिला दुसरं कोणी तरी द्या. माझ्यासारखं तुसडं नको, मायाळू बघून द्या."

बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कोणाला दुसरं कोणी द्यायचं?"

"तिला, बाई! पहिल्या वर्षाची. पायात कॅलिपर आहे ती."

"अहो, पण योजना सहाच आठवड्यांची होती. ती संपूनही दीड महिना झाला."

"संपली?" ताईचा पारा चढला. "मग ती रोज खुर्ची अडवून बसते ती कशासाठी? तिला कोणी सांगितलं नाही? कमाल आहे तुमची! इथे माझ्या प्रोजेक्टचे तीन तेरा वाजले, आणि तुम्ही त्या पोरीला साधं कळवतसुद्धा नाही?"

"तिला काय कळवायचं? शेवटचा अहवाल तिनेच तर आणून दिला."

बाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक फाइल काढली आणि शेवटचं पान उघडून ताईपुढे सरकवली. पानाच्या डोक्यावर ताईचं नाव होतं. खाली मोडक्यातोडक्या भाषेत, पण सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'ताई हळूहळू माणसांत येते आहे. पण तिला अजून एकटी सोडू नये. योजना संपली तरी मी जात राहीन.'