होयबा

आकाशपाळण्याची पहिली फेरी संपली आणि तिघं खाली उतरले. मुकादम, तिकीटखिडकीवर बसणारी त्याची बायको, जिला सगळेच वहिनी म्हणायचे, आणि पाळण्यांच्या कड्या लावणारा गमत्या. चौथा होयबा. तो खाली मोटरच्या बटणापाशी उभा होता. दोरीपलीकडे पोराबाळांसकट रांग लागली होती.

तिकीट फाडण्याआधी आपल्याच माणसांनी एक फेरी मारायची, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. उतरल्यावर मुकादम विचारणार, आणि एकाने जरी थांबा म्हटलं तरी सगळे नटबोल्ट पुन्हा तपासायचे. आता थांबा म्हणणार कोण? त्यांच्यातला पाचवा, शंकासूर. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो शब्द कधी निघालाच नाही. त्याचा नन्नाचा पाढा रोजचाच. बहुतेक वेळा तपासून काही सापडायचं नाही, आणि तोवर रांगेतली माणसं शेजारच्या पाळण्यात जाऊन बसायची. कालही तेच झालं. आज सकाळी मुकादमाने त्याला कामावरून काढून पिशवी भरायला लावली. मुकादमाचं सगळं असंच, एक घाव दोन तुकडे.

“काय, करायचं सुरू?” मुकादमाने विचारलं.

गमत्या म्हणाला, करा की, नाहीतर ही पोरं आपल्यालाच गरागरा फिरवतील. वहिनी म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मुकादम खूश झाला. माणसं एका विचाराची असली की कामं कशी झटपट होतात, बघा. होयबाला त्याने विचारलंच नाही. होयबाला कोण विचारतं? मान हलवायलाच देवाने त्याला मान दिली आहे, असं गमत्या म्हणायचा.

पण होयबाने बटण दाबलं नाही.

फेरी चालू असताना वर कुठेतरी कटकन वाजलं होतं. त्याने सवयीने शंकासुराला शोधलं, तर तिथे कुणीच नव्हतं.

“आवाज झाला,” तो म्हणाला. “मी ऐकला.”

मुकादम हसला. वर बसलेल्या आम्हा तिघांना नाही आला, आणि तुला खाली उभ्या उभ्या आला होय? साक्षीला म्हणून तो गमत्याकडे वळला. आला होता खरा, गमत्या पुटपुटला, पण वाटलं, काही असतं तर तुम्ही बोलला असतात. मुकादमाने बायकोकडे पाहिलं. तीही नजर चुकवून म्हणाली, मला वाटलं, गमत्या बोलेल. आणि मुकादमाने? अहो, त्यानेही ऐकला होता. पण चारचौघांत कबूल करतो कशाला! तो उलट होयबावरच उखडला.

“इतकी वर्षं मूग गिळून बसलास. आजच कंठ फुटला होय तुला?”

“इतकी वर्षं तो नाही म्हणायचा,” होयबा म्हणाला. “म्हणून मला खुशाल हो म्हणता यायचं. तुम्ही त्याला काढलंत. आता मी हो म्हणणार नाही.”

मुकादमाने बोट नाचवत सांगितलं, बटण दाब, नाहीतर तूही पिशवी भर. या वयात होयबाला दुसरीकडे कोण कामावर ठेवणार? त्याने बटणाशेजारचा डबा उघडला, मोटरचा फ्यूज उपसला आणि मुठीत धरला.

“भरतो पिशवी,” तो म्हणाला. “पण पाळणा फिरणार नाही.”

मुकादम बाह्या सरसावून पुढे झाला. रांगेत कुजबुज सुरू झाली. वहिनी मध्ये पडली. भांडण दिसलं की जाऊ द्या ना म्हणत दोन्हीकडे पाणी शिंपडणारी बाई ती. आता ही होयबाची समजूत घालेल, या भरवशावर मुकादम थांबला. पण ती सरळ तिकीटखिडकीपाशी गेली, फळी खाली ओढली, कडी घातली. मग रांगेकडे तोंड करून तिने आवाज चढवला. एवढा आवाज तिच्यात आहे हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

“आज वेळ लागेल. घाई असेल त्यांनी शेजारच्या पाळण्यात जा.”