घंटेवरचं नाव

"चहापाण्याचं समजा, मॅडम. फक्त सही करा," म्हणत जहाजाच्या एजंटाने डेकवरच पाकीट पुढे केलं.

बंदर अधिकारी गार्गी तांडेल जहाजाच्या परवानगीचे कागद पुन्हा चाळू लागल्या. लाच खाऊन गब्बर झालेल्या एका परदेशी मंत्र्याच्या जहाजांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. हे जहाज त्यातलंच, अशी त्यांना खात्री होती. पण नाव नवं, रंग नवा, पुरावा काहीच नाही.

बाजूला पितळी घंटा पुसणारा म्हातारा खलाशी पुढे आला.

"मॅडम, घंटेवरचं वाचा. ते नाव खोडलं तर बोट बुडते म्हणतात, म्हणून हिला कुणी हात लावला नाय."

घंटेवर जहाजाचं जुनं, निर्बंधांच्या यादीतलं नाव लखलखत होतं. एजंट घाईघाईने पाकीट खिशात कोंबू लागला.

"ते पण बघितलंय मी," खलाशी म्हणाला. "साक्षीदार म्हणून लिहा, इब्राहिम सारंग. हे नाव खरं आहे."